पहिल्या मापाचा शब्द

बाबा, तुम्हाला वाचता येत नव्हतं हे मला ठाऊक आहे. तरी लिहिते. तोंडानं बोलायचं तर शेजारीण ऐकेल आणि म्हातारी एकटीच बडबडते म्हणून गावभर करेल, त्यापेक्षा कागद बरा. आता मी तुमच्यापेक्षा म्हातारी आहे. तुम्ही गेले तेव्हा तुमच्या मिशा काळ्याभोर होत्या, माझे केस पांढरेफटक झालेत, म्हणजे मी तुमच्याशी जरा दरडावून बोलले तर तुम्ही ऐकून घ्यायला हवं. अकोल्यात राहते. मिशनच्या शाळेतून मोकळी झाले, दोन खोल्या आहेत, दारात कडुनिंब आहे. मुलींना शिकवून शिकवून माझी भाषा पुस्तकी झाली, तुम्हाला हसू येईल इतकी. पण राग आला की अजून तुमचीच बोली तोंडात येते, आणि राग मला तुमच्यासारखाच लवकर येतो.

तुमची आठवण काढली की आधी अमरावतीचा कापसाचा बाजार येतो. समुद्रापलीकडं कुठं तरी लढाई लागली आणि विलायतेला आपला कापूस हवा झाला, एवढंच आपल्याला कळत होतं. मोर्शीकडून, चांदूर बाजाराकडून गाड्या येतात, रस्ताभर रांग लागते, बैल रांगेतच रवंथ करत बसतात. हवेत कापूस इतका उडतो की आई भाकरीच्या पिठावर फडकं टाकून ठेवते आणि तरी तुमच्या दातात तंतू येतोच. तुम्ही मापारी. तीन बल्ल्यांवर टांगलेला मोठा काटा, एका पारड्यात वजनं, दुसऱ्यात कापसाचं गाठोडं, आणि बाजूला उभा तुमचा आवाज. दुपारी भाकर घेऊन मी येते तेव्हा तुम्ही दिसायच्या आधी तो ऐकू येतो. पहिलं गाठोडं काट्यावर चढलं की तुम्ही ‘एक’ म्हणत नाही, ‘लाभ’ म्हणता. लाभ, लाभ, लाभ, असं सुरात म्हणत राहता, दुसरं गाठोडं चढेपर्यंत, म्हणजे मोजणी चुकायला नको. मग दोन, दोन, दोन. आपल्याकडचे सगळे मापारी असंच मोजत. एक हा ओकाबोका शब्द, एकटा पडलेल्या माणसाचा, त्यानं कामाची सुरुवात करू नये, म्हणून पहिल्या मापाला लाभ. तुमच्या जोडीचा मुसलमान हमाल, ज्याला मी चाचा म्हणायची, तो मोजायला उभा राहिला की ‘बरकत’ म्हणे आणि पुढं दोन. आई कणगीतून ज्वारी मापून काढतानाही लाभच म्हणे. मला तर कितीतरी दिवस वाटत होतं की पहिल्या आकड्याचं नावच लाभ आहे.

त्याच बाजारात पाद्रीसाहेब चिंचेखाली उभे राहून बोलायचे. गोरे, उंच, उन्हानं नाक सोललेलं, आणि मराठी अशी की प्रत्येक शब्द ताटात वेगळा वाढल्यासारखा. हमाल त्यांची टवाळी करत, तुम्हीही केली असेलच. पण एक दिवस ते म्हणाले की देवाला खोट्या मापाचा वीट येतो आणि खऱ्या वजनात त्याला आनंद आहे. तुम्ही घरी आले, हातपाय धुतले, चुलीपुढं बसले, अंबाडीच्या भाजीला हात न लावता आईला म्हणाले, “आपल्या कामाचं बोलनारा देव आज पह्यल्यांदा भेटला.” आई म्हणाली, जेवा आधी. तिला वाटलं ऊन लागलं. पण तुम्ही शेतकऱ्याचा कापूस कमी भरावा म्हणून काट्याला हळूच गुडघा लावायचे, ते दुसऱ्या दिवसापासून सोडलं. सौदा करणारा अडत्या डोळ्यानं खूण करायचा, तुम्ही दुसरीकडं पाहायचे. त्यानं आठवडाभर सोसलं आणि तुम्हाला काट्यावरून काढून चाचाच्या बरोबर गाठोडी उचलायला लावलं. पाठ सोलली तुमची. आई पाठीला तेल लावताना शिव्या देई, देवालाही आणि अडत्यालाही, आणि तुम्ही हसत. मला तुमचा तेवढा हसरा चेहरा त्याआधीचा आठवत नाही.

मग तो रविवार. हे मी इतक्यांदा मनात पाहिलंय की आता त्यातलं काय झालं आणि काय मी नंतर घातलं हे सांगता येणार नाही, पण शब्द तेच आहेत, शब्दांची मला खात्री आहे. पाद्रीसाहेबांच्या बंगल्याचा व्हरांडा. चटया. चार-पाच घरं ख्रिस्ती, तीही कामठीच्या छावणीतून आलेली, मद्राशी, आपसात तामिळ बोलणारी. साहेबांचा मदतनीसही त्यांच्यातलाच. आपलं वऱ्हाडी कोणी नाही, तुम्ही पहिले. तुम्ही धुतलेलं धोतर नेसलात, मिशांना तेल लावलंत, मी आणि आई बायकांच्या बाजूला बसलो. बाप्तिस्म्याआधी प्रश्न विचारायचे असतात, तसे साहेबांनी विचारायला सुरुवात केली. जग कोणी केलं, तुम्ही बरोबर सांगितलं. पाप म्हणजे काय, तुम्ही खोटं माप म्हणाले आणि साहेबांचा चेहरा खुलला. मग त्यांनी विचारलं, देव किती आहेत?

तुम्ही म्हणाले, “लाभ.”

साहेबांना वाटलं नीट ऐकू आलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. तुम्ही जरा मोठ्यानं, बाजारात म्हणायचे तसं, छाती भरून म्हणाले, “लाभ, साहेब. लाभच.” आणि बोट वर केलं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही, माझ्या कानाला उत्तर बरोबर होतं. आईनंही मान हलवली. पण साहेब पांढरे पडले. काही महिन्यांमागं एक जण बाप्तिस्मा घेऊन, चाकरी मिळवून, भांडीकुंडी घेऊन पळाला होता, आणि त्या वर्षांत अमरावतीत जो तो लाभाच्याच मागं होता, हे मला आता कळतं. तेव्हा एवढंच दिसलं की त्यांचा आवाज बारीक झाला. म्हणाले, तुम्हाला देवाकडून लाभ हवा आहे काय? आणि तुम्ही, भोळ्या माणसा, तुम्हाला वाटलं ते मोजण्याबद्दलच विचारतात, तुम्ही म्हणाले, “लाभाबिगर सुरुवात कशी होईन, साहेब?” मदतनीस मद्राशी, त्याला तरी काय कळलं असणार. साहेबांनी पुस्तक मिटलं. म्हणाले, तुम्ही एक वर्ष थांबावे आणि आपले अंतःकरण तपासावे. आपण तिघं उन्हात घरी आलो. वाटेत तुम्ही एकदाच बोलले. म्हणाले, साहेबाले माह्या आतलं काही तरी दिसलं, जे मले दिसत नाही.

बाबा, तिथंच चुकलं तुमचं. भांडायचं होतं. खऱ्या मापासाठी तुम्ही अडत्याशी वाकडं घेतलं, मग साहेबाशी काहून नाही? पण तुमचा त्यांच्यावर भरवसा होता. पुढचे महिने तुम्ही स्वतःच्या आत काय शोधत होते देव जाणे. जेवताना मधेच हात थांबायचा. आई विचारायची, काय झालं, तर तुम्ही म्हणायचे, “मन तपासून राहिलो बाप्पा. सापडत नाही काही.” हसणं गेलं. चाचानं एकदा विचारलं की पाद्री काय बोलला, तर तुम्ही विषय टाळला, लाज वाटत होती तुम्हाला. आणि उन्हाळ्यात मरी आली. बाजारातून आली, गाड्यांबरोबर आली, कोणी म्हणे विहिरीतून आली. सकाळी तुम्हाला उलटी झाली आणि दुपारपर्यंत डोळे खोल गेले. साहेब तेव्हा एलिचपूरकडं गेलेले. तुम्ही खाटेवर पडून मोजत होते. लाभ, लाभ, लाभ. आई कपाळावर ओलं फडकं ठेवते, तुम्ही तिच्याकडं पाहता आणि लाभ म्हणता. मी पायाशी बसून वाट पाहत होते की आता दोन म्हणाल. दुसरं गाठोडं काही चढलं नाही. तुम्ही पहिल्यावरच थांबले.

त्यानंतरचं तुम्हाला माहीत नाही, ते सांगते. भावकी दाराशी आली नाही, तुम्ही ख्रिस्त्यांच्या चटईवर बसून चहा प्याले होते ना. मी बंगल्यावर धावत गेले. मदतनीस हात जोडून रडला, पण म्हणाला, बाप्तिस्मा नाही, आमच्या मातीत कसं घेऊ, साहेब आल्याशिवाय मला अधिकार नाही. वाईट माणूस नव्हता, घाबरट होता. शेवटी चाचा आणि त्याचे तीन जोडीदार आले. चाचानं विचारलं, बेटी, कैसा करना है, जलाना है क्या दफनाना है? आईनं माझ्याकडं पाहिलं, मी आईकडं. त्यांनी तुम्हाला बडनेऱ्याच्या वाटेला नाल्याकाठी पुरलं, कोणाच्याच जागेत नाही. पुढं सडक रुंद झाली, आगगाडीचा फाटा तिकडून आला, सगळी माती उलथीपालथी झाली. मी दोनदा शोधायला गेले. आता जागा सापडत नाही.

आई मला घेऊन अकोल्याला आली, तिथं तिला कापसाच्या रेच्यावर, सरकी काढायच्या कामावर घेतलं. आणि अकोल्यातच तुमचा आवाज सुरू झाला. दिवेलागणीला, मी वात सारखी करत असताना, दाराबाहेरून. लाभ. लाभ. लाभ. रागानं नाही, दुखऱ्या आवाजातही नाही, बाजारात यायचा तसाच, वाट पाहणाऱ्या माणसाचा. मला वाटायचं दुसरं गाठोडं द्यायला कोणी नाही म्हणून हा अडकलाय. दार उघडलं की कोणी नसे. आईला म्हटलं, तर ती म्हणाली, “मले नाही येत आयकू. तुलेच येते, तं तूच इचार त्याले.” मी विचारलं नाही. मला भीती वाटत होती, बाबा. तुमची नाही, तुम्ही कुठं उभे आहात याची. माझ्यासमोर दोनच वाटा होत्या. एक तर साहेबाच्या देवाला तुमच्या आत खरंच काही घाण दिसली, म्हणजे तुम्ही मला फसवलं. नाही तर त्याला काहीच दिसत नाही, म्हणजे त्यानं तुम्हाला फसवलं. रेच्यावरच्या बायकांनी मला मिशनच्या मडमेच्या शाळेत घातलं, फुकट शिकवतात म्हणून, तिथं मी वाचायला शिकले, प्रार्थनेच्या वेळी डोळे उघडे ठेवून बसायला शिकले. मडम विचारायची, बाप्तिस्मा घेणार का? मी म्हणायची, माझ्या बापाला विचारा.

मग एक वर्ष पाऊस रुसला. अमरावतीला मिशननं धान्य वाटायला काढलं आणि मापायला चाचाला बसवलं. ही हकीकत मला चाचानं नंतर स्वतः सांगितली. त्यानं पहिलं माप ओतलं आणि बरकत म्हणाला, मग दोन. साहेब शेजारी उभे होते. त्यांना वाटलं हा एक मोजायला विसरला. चाचा म्हणाला, “एक नई बोलते साब, एक अकेला रहता. पैले को बरकत बोलते, हिंदू लोगां लाभ बोलते.” साहेबांनी विचारलं, सगळेच? चाचा म्हणाला, सगळेच, आणि तुमचं नाव घेतलं, की त्याच्यासारखं लाभ म्हणणारा या बाजारात दुसरा झाला नाही. साहेब खाली बसले. धान्य घ्यायला आलेल्या बायकांच्या रांगेसमोर, मातीत.

ते अकोल्याला आमच्या दारात आले तेव्हा मी कपडे वाळत घालत होते. आई दारात सुपात ज्वारी पाखडत बसलेली. त्यांनी टोपी काढली आणि उभ्यानंच सगळं सांगितलं, काही न लपवता. आईला म्हणाले, मी देव किती म्हणून विचारलं, तुमच्या नवऱ्यानं बरोबर उत्तर दिलं, मी चूक ऐकलं. माझ्या अंगाची आग झाली. मला वाटलं हातातला ओला लुगड्याचा पिळा तोंडावर मारावा. इतकी वर्षं मी माझ्या बापाच्या आतली घाण शोधत होते आणि घाण कुठं होती तर साहेबाच्या कानात. त्यांनी आईची क्षमा मागितली. आईनं सूप खाली ठेवलं नाही.

ती म्हणाली, “मले काहून मांगता? ज्याचं हाये त्याले मांगा.”

साहेब म्हणाले, तो तर या जगात नाही.

“तुमीच तं म्हनता, मेलेले असतेत म्हनून. मंग हाये ना तो. मांगा त्याले.”

आई कधी ख्रिस्ती झाली नाही, शेवटपर्यंत नाही. पण असा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता. मग ते गुडघ्यावर आले, आणि प्रार्थनेचे त्यांचे ते वेगळे वाढलेले शब्द त्यांना सापडेनात. शेवटी ते तुमच्याशीच बोलले, आपल्या मोडक्या मराठीत, की बाबा रे, मी दार अडवलं, ते दार माझं नव्हतं. ते उठल्यावर मी त्यांना विचारलं, माझा बाप कुठं आहे? मला वाटलं आता पुस्तकातलं काही तरी सांगतील. ते म्हणाले, “मला ठाऊक नाही. त्याच्याजवळ आहे असा माझा विश्वास आहे. ठाऊक नाही.” मी हसले त्यांच्या तोंडावर. पण ते गेल्यावर ते वाक्य घरातच राहिलं. मला तोवर वाटत होतं की विश्वास ठेवणाऱ्यांना सगळं ठाऊक असतं म्हणून ते ठेवतात, आणि हा गोरा माणूस काही ठाऊक नसताना माझ्या अंगणात मातीत गुडघे टेकून बसला होता.

तरी आवाज येतच राहिला. साहेब थकून त्यांच्या देशी गेले. मी त्याच शाळेत शिकवायला लागले, बाप्तिस्मा न घेता, मडम कुरकुरायची पण चालवून घ्यायची. आणि एका दुपारी मी मोठ्या मुलींना येशूच्या मरणाचा धडा वाचून दाखवत होते. कितीदा वाचलेला. वधस्तंभावर त्याचा जीव जातोय, आणि तो आपल्या मायबोलीत देवाला हाक मारतो, माझ्या देवा म्हणून. खाली उभे असलेले लोक ती ऐकतात आणि एकमेकांना सांगतात की हा कुण्या जुन्या संदेष्ट्याला बोलावून राहिला. एक मुलगी हसली. म्हणाली, बाई, ते तर भलतंच समजले. मी पुढचं वाक्य वाचायला गेले आणि मला अक्षरं दिसेनात. म्हणजे त्याचंही तसंच झालं होतं. मरताना त्यानं अगदी बरोबर शब्द म्हटला आणि जवळ उभ्या माणसांनी चुकीचा ऐकला, आणि दुरुस्त करायला त्याला वेळ मिळाला नाही. मला कोणी समजावलं नव्हतं, मी काही मागितलंही नव्हतं. पण मला एकदम कळलं की ज्याचं स्वतःचं शेवटचं बोलणं लोकांनी असं ऐकलं, त्याला तुमचं नीट ऐकू गेलं असणार. तुम्ही खाटेवर पडून तासन्‌तास त्याचीच गणती करत होते आणि ऐकणारा तो एकटाच होता. मी वर्गात हमसून हमसून रडले. मुली घाबरल्या, एक धावत जाऊन पाणी घेऊन आली.

पुढच्या रविवारी मी बाप्तिस्मा घेतला. नव्या पाद्र्यानं तोच प्रश्न विचारला, देव किती? तुमचा शब्द माझ्या जिभेच्या टोकावर होता, पण पोरगेलासा पाद्री होता, गडबडला असता. मी ‘एक’ म्हणाले. आई मागं बसलेली, तिनं मला ऐकू येईल इतक्या मोठ्यानं नाक शिंकरलं.

तेव्हापासून मला शंका आली नाही, बाबा. आजारपणं आली, आई गेली, मुली मरीनं गेल्या ज्यांना मी बोट धरून अक्षरं गिरवायला शिकवलं, तरी नाही. तुम्ही कुठं आहात हे मला ठाऊक नाही आणि तुम्ही त्याच्याजवळ आहात असा मला भरवसा आहे, साहेबांसारखाच. बायकांच्या प्रार्थनेत कोणी साक्ष द्यायला सांगितलं तर मी हेच सांगते, की माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. ते खरं आहे. पण एक गोष्ट मी सांगत नाही. त्या दुपारपासून तुमचा आवाज बंद झाला. त्या संध्याकाळी मी वात लावली आणि बाहेर काहीच नव्हतं, दुसऱ्या दिवशीही नाही. मी देवाचे आभार मानले, कारण तसेच मानायचे असतात.

हा कागद कुठं पाठवायचा हा प्रश्नच नाही, उद्या चुलीत जाईल. म्हणून लिहून टाकते. परवा बाजारचा दिवस होता, रस्त्यानं कापसाच्या गाड्या चालल्या होत्या. दिवेलागणीला मी दार लोटून बसले आणि मुद्दाम शंका घेऊन पाहिली. म्हटलं, समजा त्यानं नसेल ऐकलं. समजा माझा बाप अजून त्या नाल्याकाठीच उभा असेल. जुनी भीती उकरून काढावी म्हणून जे जे आठवलं ते सगळं आठवलं, तुमची सोललेली पाठ, मिटलेलं पुस्तक, चाचाच्या हातातलं फावडं. तुमच्या लाभाला कान देऊन बसले. वात जळून काजळी धरली. भीती काही येईना, बाबा, आणि तुम्हीही आले नाही.